फोनवरून पाजायला शिकताना: फोन कुठे ठेवायचा, काय मोजायचं, कधी उठून निघायचं

पहाटे पावणेपाचला सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरून व्हिडिओ कॉल आला. मुलगी तीन दिवसांची, रात्रभर रडलेली, आणि तिच्या बापाचाही आवाज रडवेला. "मावशी, ती धरतच नाही हो." मला स्क्रीनवर दिसत होते छताचे पत्रे आणि बाळंतिणीचं कपाळ. वीस मिनिटं मी त्या कपाळाशी बोलले. मग तिच्या सासूबाईंनी फोन हातात घेतला, सुनेच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि फोन छातीच्या उंचीवर आणला. तेव्हा दिसलं. बाळ मांडीवर उताणं होतं आणि नुसती मान आईकडे वळवली होती. स्वतः मान खांद्याकडे वळवून घोटभर पाणी गिळून बघा, किती अवघड जातं ते कळेल. बाळाला कुशीवर घेतलं, त्याचं पोट आईच्या पोटाला टेकवलं, आणि मुलगी प्यायला लागली.

मी नाशिकला इंदिरानगरात राहते. 29 वर्षं प्रसूती कक्षात परिचारिका होते. 2020 च्या टाळेबंदीत भाचीला माहेरी आणता येईना, तेव्हा तिला फोनवरून पाजायला शिकवलं. तिने मैत्रिणीला नंबर दिला, मैत्रिणीने नणंदेला, आणि ते अजून चालूच आहे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून फोन येतात, अंबडच्या कामगार वस्तीतून येतात, दुबईला एकटीच असलेल्या नाशिकच्या मुलींचेही येतात. एवढ्या कॉलनंतर माझं मत पक्कं झालंय की फोनवरच्या मदतीचं यश बरंचसं घरात फोन धरणाऱ्या माणसाच्या हातात असतं. म्हणून हे बाळंतिणीसाठी लिहितेय तसं तिच्या नवऱ्यासाठी, आईसाठी, सासूबाईंसाठीही लिहितेय.

आठव्या महिन्यातच करून ठेवायचं

रात्री दोनला छाती दगडासारखी झालेली असताना नंबर शोधत बसू नका. आठव्या महिन्यातच एक माणूस ठरवा. तुमच्या दवाखान्यातल्या सिस्टर, स्तनपानाचं प्रशिक्षण घेतलेली समुपदेशक किंवा बालरोगतज्ज्ञ, कुणीही चालेल. फोनवर भेटायचं कसं, रात्री उचलणार का, पैसे किती, हे मोकळेपणाने विचारा. एकदा पाच मिनिटांचा कॉल करून बघा. आवाज नीट येतो का आणि त्या बाईशी बोलताना तुम्हाला संकोच वाटतो का, हे तेव्हाच कळतं. संकोच वाटला तर दुसरी बघा, त्यात कुणाचा अपमान नाही.

डॉक्टर ऑनलाइन तपासत असतील तर त्यांच्या कागदावर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. 2020 पासून देशात टेलिमेडिसिनचे नियम आहेत आणि त्यात हे स्पष्ट आहे. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे, घरबसल्या डॉक्टर मिळतात. समुपदेशक मात्र औषध सांगू शकत नाही. दूध वाढायची गोळी फोनवर कुणी सुचवली तर तो फोन ठेवून द्या.

आशाताईंचा नंबरही लिहून ठेवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडे वजनाचा काटा असतो. मी इंदिरानगरात बसून बाळाने कसं धरलंय ते पाहू शकते, वजन करू शकत नाही.

फोन कुठे ठेवायचा

बाळ नुकतं जागं होऊन तोंड हलवायला लागलं, मूठ तोंडाकडे न्यायला लागलं की कॉल लावा. रडून लाल झाल्यावर नको. रडणं ही भुकेची शेवटची खूण. चिडलेलं बाळ जीभ वर उचलतं आणि मग काही केल्या धरत नाही. कॉलची वेळ ठरलेली असली आणि बाळ झोपलेलं असलं तरी घाबरू नका, मी अर्धा तास थांबते.

आईने भिंतीला पाठ टेकून बसावं. कमरेमागे उशी, मांडीवर घडी घातलेली गोधडी. उजेड समोरून हवा. खिडकी किंवा ट्यूब पाठीमागे असली की आई आणि बाळ दोघंही काळी सावली दिसतात. पंखा बंद करा, मिक्सर, टीव्ही बंद करा, कारण मला घुटका ऐकायचा असतो.

फोन धरणाऱ्याने आईच्या समोर उभं राहू नये. तिच्या बाजूला, ज्या बाजूचं पाजायचंय त्या बाजूला, खाली बसावं. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर. मागचा कॅमेरा लावा. त्याने चित्र स्पष्ट येतं, आणि आईला स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसत नाही. स्वतःचा थकलेला चेहरा दिसला की मुली केस सावरत बसतात. कॉलमध्ये चेहरा गुळगुळीत, गोरा करणारा ब्युटी फिल्टर चालू असेल तर तोही बंद करा. घरात दुसरं कुणी नसेल तर तांदळाचा डबा घ्या, त्याला फोन टेकवा आणि खालून डाळीची पुडी लावा, म्हणजे घसरत नाही. डब्याखाली दोन वह्या ठेवल्या की उंची जुळते.

एक गोष्ट मला बऱ्याच चुकांनंतर कळली. कॉलवर डावा-उजवा म्हणायचंच नाही. माझं डावं तिचं उजवं, पुढच्या कॅमेऱ्यात आरशासारखं उलटं, आणि झोप नसलेल्या बाईला काहीच सुधरत नाही. आम्ही सुरुवातीलाच ठरवतो: "ही खिडकीकडची बाजू, ती भिंतीकडची." मग मी म्हणते, "खिडकीकडच्या हाताने त्याचे खांदे धर." लगेच कळतं.

मला तुमची छाती उघडी बघण्याची गरज बहुतेक वेळा नसते. पदर किंवा ओढणी वरून राहू दे, बाळाची हनुवटी, गाल आणि खांदा दिसला की पुरतं. कसं करायचं ते मी आधी माझ्याकडेच दाखवते. एका जुन्या पायमोज्यात कापूस भरून मी स्तन केलाय, टोकाला तपकिरी दोऱ्याने गोल शिवलाय, आणि नातीची कापडी बाहुली हे आमचं बाळ. त्या बाहुलीवर हातांची जागा पाहून घेतली की अर्ध्या मुलींना पुढे काही दाखवावं लागत नाही.

कॉलवर मी काय बघते

आधी बाळ कसं धरलंय ते. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवेत. बाळाचं तोंड आणि पोट आईकडे, अंग आईच्या अंगाला चिकटलेलं, आणि नुसतं डोकं नाही तर अख्खं बाळ आधार दिलेलं. डोक्यामागे हात दाबू नका. बाळाला मान थोडी मागे टाकता आली पाहिजे, नाहीतर नाक दबतं आणि ते सोडून देतं.

मग धरण्याची घडी. बाळाचं नाक बोंडासमोर आणायचं, तोंड नव्हे. बोंड वरच्या ओठाला हलकेच घासायचं आणि थांबायचं. इथे सगळ्यांना घाई होते. बाळ जांभई दिल्यासारखं मोठ्ठं तोंड उघडेपर्यंत थांबायचं, आणि उघडलं की त्याला छातीकडे आणायचं. छाती वाकवून बाळाकडे न्यायची नाही, चार दिवसांत पाठ मोडते. आधी हनुवटी टेकते, मग खालचा ओठ, वरचा सगळ्यात शेवटी.

नीट धरलं असेल तर चार गोष्टी दिसतात: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि बोंडाभोवतीचा काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठापाशी जास्त दिसतो, खाली कमी. हा शेवटचा भाग मला फोनमधून दिसत नाही, तो आईला दिसतो. म्हणून मी तिलाच विचारते, "वर किती दिसतंय, खाली किती?" ती स्वतः बघायला शिकली की पुढच्या वेळी तिला माझी गरज लागत नाही.

सुरुवातीला चोखणं भराभर असतं. पान्हा फुटला की ते संथ होतं, हनुवटी खोल जाते, क्षणभर थांबते, आणि घुटक्याचा मऊ आवाज येतो. या थांबण्याकडे लक्ष द्या. नुसतं भराभर चाललंय आणि थांबणंच नाही, म्हणजे दूध पोटात जात नाहीये. टकटक आवाज येत असेल, गालाला खळगे पडत असतील, तर तोंडात नुसतं बोंड आलंय. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा धरा. ओढून काढू नका. पहिले काही सेकंद चुणचुणणं मी मान्य करते. दात-ओठ खाऊन अख्खी पाजणी सहन करायची असते, हे मला मान्य नाही. सोडल्यावर बोंड चपटं किंवा पांढुरकं दिसलं तर पकड चुकली होती.

लंगोट मोजा

"मावशी, दूध पुरत नाही." दहातल्या आठ कॉलची सुरुवात या वाक्याने होते. मी उलट विचारते, कालपासून शू किती वेळा झाली?

ही सवय मला एका चुकीने लागली. सिन्नरची एक मुलगी, बाळ पाच दिवसांचं. "बाळ झोपतं का?" मी विचारलं. "हो, खूप शांत आहे, उठतच नाही." मी म्हणाले, छान, तूही झोप. नुसता साधा कॉल होता, व्हिडिओही लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या आईने सांगितलं की सकाळपासून लंगोट कोरडे आहेत. बाळाला दाखल करावं लागलं. चार दिवसांनी ते हसतखेळत घरी आलं, पण ती झोप मी स्वतः बरी म्हटली होती, हे मी विसरलेले नाही. तेव्हापासून "शांत बाळ" ऐकलं की मी पुढचे चार प्रश्न विचारतेच. किती वेळा प्यालं, किती शू, शीचा रंग कोणता, पाजायला उठवलं तर उठतं का.

पहिल्या दिवशी एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन असं चढत जातं. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा. शी आधी काळी-चिकट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. पाजणं चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्री धरून. पहिल्या आठवड्यात शक्यतो सुती लंगोट वापरा. डायपरच घालत असाल तर एका कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात घेऊन बघा. ओला डायपर किती जड लागतो ते हाताला कळतं.

पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, ते चालतं. पण 3 किलोचं बाळ 2 किलो 700 ग्रॅमच्या खाली गेलं, किंवा दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आशाताईंनी वजन केलं की काट्याचा फोटो पाठवा, तोंडी आकडा नको. "अडीच का पावणेतीन" यात पाव किलोचा फरक असतो.

यासाठी फोनमध्ये ॲप हवंच असं नाही. वीस रुपयांची वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन बाळंतिणीच्या उशापाशी ठेवा. वेळ, कोणती बाजू, शू, शी. कॉलच्या आधी पानाचा फोटो मला पाठवला की दहा मिनिटं वाचतात. ॲप तासातासाला आठवण करून देतं आणि आईला आपण काहीतरी चुकतोय असं वाटत राहतं, म्हणून मला वहीच बरी वाटते.

हळीवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल खा, बाळंतिणीला ताकद हवीच असते. पण दूध वाढतं ते ओढल्याने. जितकं बाहेर निघेल तितकं नवं बनतं. पहिला चीक चमचाभरच असतो, आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतंही तेवढंच. सहा महिने पाणी नको, गुटी नको. मध तर वर्ष होईपर्यंत नकोच, त्यातून लहान बाळाला विषबाधा होऊ शकते. हे सासूबाईंना सुनेकडून सांगायला लावू नका. फोन स्पीकरवर टाका, मी सांगते. माझ्या वयाच्या बाईचं त्या ऐकून घेतात.

रेंज नसेल तर

व्हिडिओ अडकायला लागला की तो बंद करून नुसता आवाज चालू ठेवा. तेही जमत नसेल तर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या दोन क्लिप काढा. पहिली बाळ धरायच्या आधीपासून धरेपर्यंत, दुसरी पाच मिनिटांनी, चोखताना. रेंज येईल तिथे जाऊन बापाने पाठवाव्या आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबावं. पेठकडचा एक बाप दिवसातून दोनदा टेकडीवर चढायचा आणि माझा व्हॉइस मेसेज घरी नेऊन बायकोला ऐकवायचा. तीन दिवसांत बाळ नीट धरायला लागलं.

फोटो कुठे जातात ते बघा

व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो आपल्याच फोनच्या गॅलरीत उतरतो, तिथून गुगल फोटोजमध्ये, आणि मग घरातल्या टॅबवरही दिसतो. एका मुलीचा असा फोटो तिच्या दिराने पाहिला आणि तिने पुढे मदत मागणंच सोडलं. म्हणून शक्यतो फोटोऐवजी चालू कॉल. फोटो द्यावाच लागला तर चेहरा नको आणि एकदाच उघडणारा पर्याय लावा. समोरचा दुसऱ्या फोनने तरीही फोटो काढू शकतो, हे लक्षात ठेवून ज्याला ओळखता त्यालाच पाठवा. फेसबुकच्या ग्रुपमध्ये मदत मागितली आणि अनोळखी माणसाने वेगळा मेसेज करून "फोटो पाठवा, मी सांगते" म्हटलं, तर उत्तर देऊ नका. बाईचं नाव आणि बाईचा फोटो कुणीही लावू शकतं.

ग्रुप रात्रीच्या सोबतीला चांगले. मध्यरात्री आणखी चौघी जाग्या आहेत हे कळलं तरी धीर येतो. पण तिथे कुणी पावडरच्या डब्याची भलामण करत असेल तर बाहेर पडा. 1992 च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात आपल्याकडे बंद आहे, 2003 मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. काही बाळांना वरचं दूध खरंच लागतं. ते डॉक्टरांनी वजन बघून ठरवायचं.

फोन ठेवून निघायचं तेव्हा

बाळ पीतच नाही किंवा उठवूनही उठत नाही. अंग तापलंय, किंवा उलट गार पडलंय. श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, छाती आत ओढली जातेय. झटके आले. तळहात-तळपाय पिवळे झाले. यातलं एकही दिसलं तर मला कॉल करू नका, 108 ला करा. 102 ची गाडी बाळंतीण आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळासाठी मोफत असते. नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा वेगळा कक्ष आहे. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या, निफाडच्या थंडीत तर नक्कीच.

कावीळ फोनवर ठरवता येत नाही. ट्यूबच्या उजेडात गोरं बाळ पिवळं दिसतं आणि फिल्टरमध्ये पिवळं बाळ गोरं. दिवसाच्या उजेडात कातडी बोटाने दाबून घरच्यांनी बघायचं आणि शंका आली की दाखवायचं.

आईला थंडी वाजून ताप, छातीवर लाल गरम चट्टा, अंग मोडून येणं, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पाजणं मात्र थांबवायचं नाही, त्या बाजूचंही नाही. दूध साचलं की दुखणं वाढतं.

कामावर परतणाऱ्यांसाठी थोडक्यात

2017 पासून पगारी रजा पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे आहे, पण द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये रोजावर जाणाऱ्या बाईला ती कोण देतं? तिला दोन महिन्यांत निघावं लागतं. तिच्यासाठी हाताने दूध काढणं ही खरी विद्या, आणि ती कॉलवर छान शिकवता येते. अंगठा वर, बोटं खाली, काळसर भागाच्या कडेला. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, सोडायचं. कातडीवर घासत पुढे ओढायचं नाही. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढा. खोलीत चार तास टिकतं, पण नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मी तेवढा भरवसा धरत नाही, लगेच फ्रिजमध्ये ठेवा, दारात नाही, आत. वीज जाते म्हणून मी चोवीस तासांत संपवायला सांगते. आजीने वाटी-चमच्याने पाजावं, बाळाला टेकवून बसतं धरून, दूध खालच्या ओठाशी लावून. तोंडात ओतायचं नाही, ते स्वतः घेतं.

शेवटची पाच मिनिटं

बाळ सुटलं की मी फोन आईच्या तोंडाकडे वळवायला सांगते. तोपर्यंत सगळे बाळाकडेच बघत असतात. पहिल्या आठवड्यात विनाकारण रडू येतं, ते बहुतेकींना येतं. दोन आठवडे झाले तरी ती हसत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, किंवा "माझ्याविना त्याचं बरं होईल" असं काही बोलली, तर तिला एकटं सोडू नका आणि 14416 वर फोन लावा. ती टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं.

मग तिला विचारते, पुढच्या वेळी पाजताना तू काय काय करशील, मला सांग. ती सांगते: नाक बोंडासमोर, जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं, खांद्याला धरून जवळ आणायचं. काही राहिलं तर शेजारी फोन धरून बसलेला नवराच आठवण करून देतो, "आणि पाठ टेकून बसायचं." पुढच्या कॉलची वेळ ठरते, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ. तोवर वहीत किती ओले लंगोट, ते आल्या आल्या सांगायचं.